गुलब्याच्या गळ्यातलं घुंगूर

आमच्या हनुमंत भावजींचं काम सांगितलं की मानसं हसायची. एमआयडीसीत लोक वस्तू बनवायला जात्यात, आमचे भावजी फोडायला जायचे. सकाळी डबा घ्यायचा, आमच्या गावातनं, नवलाख उंबऱ्यातनं, गाडीला किक मारायची, दिसभर ठोकाठोकी करायची आन संध्याकाळी काळ्या हातानं घरी. मी पडले वैनी, थट्टेचा हक्क माजाच. म्हनायची, भावजी, हौस फिटली नसंल तर घरची चार भांडी बी घ्या फोडून. ते नुसते हसायचे. आता त्या हसन्याची आठवन आली की जीव तुटतो.

कंपनी कपॅसिटर बनवायची. ते काय असतं हे मी भाकरी थापताना भावजींनीच मला सांगितलं. बॅटरी असती ती धार काढल्यावानी थोडं थोडं देती. कपॅसिटर पापनी लवायच्या आत भरतं, आन द्यायची येळ आली की एका दनक्यात सगळं देतं, लाथ घातल्यावानी. त्याच्या पोटात काजळीपरीस बारीक कार्बनच्या नळ्या. केसाचे हजार उभे चिरे केले तरी एकेक चिरा जाड पडंल, इतक्या बारीक. जेवढ्या नळ्या बारीक तेवढा जास्त करंट मावनार. भावजी कामाला लागले तवा ते अंगठ्याएवढं व्हतं, मंग शेंगेएवढं झालं, मंग मक्याच्या दान्याएवढं. सायेब लोकांचं दर साली एकच पालुपद, आनखी बारीक करा, आनखी टिकाऊ करा.

टिकतं का न्हाई ते बघायची खोली वायली. तिला इंग्रजीत कायतरी मोठं नाव व्हतं, कामगार म्हनायचे मारखाना. तितं भावजी. खिळा आरपार घालायचा, प्रेसखाली चेपायचं, भट्टीत भाजायचं, मिठाच्या पान्यात बुडवून उलटा करंट सोडायचा, उंचावरनं लादीवर आपटायचं. फुटलं की फाट्‌दिशी आवाज आन डोळं झोंबवनारा काळा धूर. एकदा एक दाना फुटून भावजींच्या हनवटीत घुसला. टाके घालून घरी आले, तरी हसतच व्हते. म्हनले, वैनी, आज त्यानं मला हानलं, फिट्टंफाट झाली.

जे सगळा मार खाऊन जगायचं ते पास. पन पास झालं तरी ते विकायचं न्हाई. मार खाल्लेला माल पुढं जाऊ द्यायचा न्हाई, शेवटी घनाखाली घालून चुरा करायचा, असा कंपनीचा नेम. आन हितंच आमचे भावजी अडायचे. जगलेल्यावर घन घालायला त्यांचा हात उचलंना. एवढं सोसून जगलंय, त्याला आता कुटं मारू, असं म्हनून ते दाने डब्याच्या कप्प्यात टाकून घरी आनायचे. चोरी ती चोरीच, मी तसं तोंडावर म्हनले बी. पन ते असं का करत्यात ते मला ठावं व्हतं.

ते सोता त्याच मारातनं जगलेले. आमचे आबा, म्हंजे सासरे, दत्तोबा. आता पांढरी टोपी घालून देवळात बसत्यात आन लोक पाया पडत्यात. तरनेपनी त्यांच्या हातात कासरा आला की म्होरं पोरगं हाय का जनावर हे ते बघत नव्हते. धाकट्याला एकदा दावनीला बांधून असं बडवलं की त्या कानानं अजून कमी ऐकू येतं. थोरला मार खाऊन मारकुटा झाला, धाकटा मार खाऊन गप झाला. थोरला म्हंजे बाजीराव, माजा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात. मला राग आला की मी घेते, आन हे सांगताना मला राग येतोच.

भावजींचं लगीन झालं न्हाई. टेंपरवारी मानसाला पोरगी कोन देतंय? त्यांचा सगळा जीव गुलब्यावर. गुलब्या आमच्या दावनीचा शर्यतीचा बैल. त्याची माय त्याला जल्म देताना मेली, भावजींनी बाटलीनं दूध पाजून त्याला उभा केला. लाल रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा. टिळ्यावर बोट फिरवलं की डोळं मिटून मान खाली घालायचा. भावजींनी त्याच्या अंगाला कवा काडी लावली न्हाई. दिसभर कंपनीत मारायचं आन घरी येऊन त्याला खाजवत बसायचं, असा त्यांचा दिनक्रम.

आमच्याकडं बैलगाड्याचा नाद म्हंजे घराघरात. चढाची धाववाट असती, तिला घाट म्हनत्यात. चार बैल, मोकळा गाडा, हाकनारा कुनी न्हाई, घाटाखालनं सुटायचं आन वरच्या निशानापातूर एका दमात जायचं. ती बारी. कोर्टानं शर्यती परत चालू केल्या, पन बोली कडक. काठी न्हाई, चाबूक न्हाई, करंट न्हाई. पयले काय चांडाळ मुठीत शॉकचं यंत्र धरून बैलाच्या अंगाला लावायचे. आता कमिटीची पोरं सुटायच्या आधी हात उघडून बघत्यात, खिसं चाचपत्यात.

आदल्या सालच्या जत्रंला गुलब्या घाटात मधीच थबकला. लाऊडस्पीकरवाला कायतरी बोलला, लोक हसले, बाजीरावाची लाज गेली. ती लाज त्यानं घरी येऊन भरून काढली. गोठ्याचं दार लावलं आन साखळीनं बैलाला झोडपायला लागला. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, काय उपेग न्हाई. भावजी कामावरनं आले, पत्रा वाकवून आत शिरले आन बैलाच्या तोंडापुढं आपलं तोंड घातलं. साखळी बसली ती त्यांच्या जबड्यावर. आपलेच दात आपलेच ओठ म्हनत्यात, हितं तर दातच गव्हानीत पडले. कडब्यावर रक्त, आन गुलब्या तसाच थरथरत उभा.

बाजीरावानं साखळी टाकली आन म्हनला, "पुढच्या जत्रंला घाट मारला तर दावनीला राहील. न्हाई मारला तर बाजारात उभा करनार. कोन घेतंय न् काय करतंय, मी इचारनार न्हाई."

भावजींनी तोंड धुतलं आन त्या दिसापासनं त्यांच्या डोक्यात येकच, गुलब्या बाजारात जाता कामा नये. बाजीरावच म्हनला, तुज्या कंपनीत बैल पळवायचं काय हुतंय का बघ. मला ह्यातलं काय बी कळू दिलं न्हाई. सगळं मागनं भावजींच्या तोंडनं ऐकलं.

कंपनीत तवा नवा माल निघाला व्हता, जनावराच्या कानात डकवायचा बिल्ला. जनावर कुटं हाय ते मोबाईलवर दिसतं. त्यात बॅटरी न्हाई. जनावर चाललं की आतलं बारीक लोहचुंबक तारंच्या वेटोळ्यात मागं-म्होरं पळतं, त्याचा करंट तयार व्हतो आन त्या मक्याच्या दान्यात साठतो. जनावर चालतंय तवर बिल्ला जिता. भावजींनी तसलं चुंबक-वेटोळं आनलं, डब्यात आनलेले चार जगलेले दाने घेतले, मच्छर मारायच्या बॅटीतला करंट चढवायचा तुकडा काढला, आन सगळं मिळून लिंबाएवढ्या पितळी घुंगरात बसवलं. त्याला बटन न्हाई, काय न्हाई. भरलं की झटका बसनार. पयले ह्याच कामाला टॉर्चएवढं यंत्र लागायचं. आता घुंगूर.

आन ते घुंगूर त्यांनी बसवलं कुटं, तर देवाच्या पट्ट्यात.

आमच्या भावकीची रीत हाय. शर्यतीच्या दिशी सकाळी घरातला थोरला मानूस देवळात बैलाच्या गळ्यात देवाचा पट्टा बांधतो. जाड नवारीचा पट्टा, त्याला घुंगरं. बारी झाली की घाटाच्या वरच्या देवापुढं नारळ फुटतो, आन ज्यानं बांधला त्यानंच तो सोडायचा. मधी दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. कमिटीची पोरं बी त्या पट्ट्याला पाया पडत्यात, चाचपत न्हाईत. आबांनी देवाच्या नावानं बांधायचा पट्टा आन आत हे. भावजींनी दोन बारीक टोकं नवारीतनं मानंला टेकतील अशी काढली, आन वरनं नायलॉनच्या दोऱ्यानं दुहेरी शिवन घातली. तुटायला नको म्हनून.

एकदा मी त्यांना रानात पळताना बघितलं. दंडाला पट्टा बांधून येड्यावानी पळायचे, मधीच कळवळायचे, मंग उभे ऱ्हायचे. मी बांधावरनं वरडले, भावजी, पोलिसात भरती व्हनार काय? ते मान हलवून हसले. ती त्यांची टेस्ट व्हती. पळालं की बसतंय, उभं ऱ्हायलं की थांबतंय. त्यांचा हिशेब पक्का झाला, घाटात दोन-तीनदा बसंल, गुलब्या थबकनार न्हाई, वर जाऊन उभा ऱ्हायला की सगळं गप. मारखान्यात सगळं असंच असतं ना. वस्तूला हानलं की ती जागच्या जागी ऱ्हाती, तिचं काय झालं ते आपन निवांत बघायचं.

जत्रा तिकोना पेठेच्या अंगाला व्हती. सकाळी आबांनी पट्टा बांधला, टेंपोत बैल चढवला. टेंपो खड्ड्यातनं आदळत चालला तसं ते घुंगूर भरायला लागलं. भावजी बैलापाशी बसलेले, त्यांनी पट्ट्याखाली आपला तळहात घातला, आन घाटापातूर सगळे झटके सोता खाल्ले. मी शेजारी बसलेली, मला वाटलं भावजींच्या पोटात दुखतंय. ओवा देऊ का म्हनून इचारलं बी. गुलब्या बिचारा त्यांच्या खांद्यावर हनवटी टेकून उभा.

घाटावर मानूस मावंना. आमी बायका उताराला बसलो. कमिटीच्या पोरांनी बाजीरावाचे हात बघितले, खिसं बघितले, पट्ट्याला नमस्कार केला. चार बैल जुपले, गुलब्या मागल्या जोडीत. भिर्रची आरोळी झाली आन गाडा सुटला.

असा गुलब्या मी कवा बघितला नव्हता. पयल्या टप्प्यालाच त्याची मान आडवी फिरली, डोळं पांढरं झालं, आन तो नुसता पळत नव्हता, कशापासनं तरी सुटायला बघत व्हता. बाकीच्या तिघांना त्यानं वढत नेलं. निशान पडलं. लोकांनी भंडारा उधळला, हलगी कडाडली, माज्या शेजारच्या बायका मला मिठ्या मारायला लागल्या. आमचाच घाट म्हनून मी बी नाचले.

वर बैल सोडले. तिघं धापा टाकत उभे ऱ्हायले. गुलब्या उभा ऱ्हाईना. पळतोय म्हनून घुंगूर भरतंय, भरलं की मानंत बसतंय, बसलं की तो आनखी उसळतोय, उसळला की परत भरतंय. रानात भावजी थांबले, कारन झटका कुटनं येतोय ते त्यांना ठावं व्हतं. बैलाला कोन सांगनार? लोकांना वाटलं, बैलाला जिंकल्याचा कैफ चढलाय. हलगीवाले आनखी जवळ आले.

भावजींना पयल्याच झटक्याला समजलं. तवाच वरडायला पायजे व्हतं. पन मंडपात अजून निकाल पुकारायचा व्हता. आता बोललं तर बारी बाद, बारी बाद तर गुलब्या बाजारात. पुकारू दे, मंग सोडवतो, येवढा इचार करून ते थांबले. बाजीरावानं त्यांचं मनगट धरलं व्हतं आन दातओठ खाऊन सांगत व्हता, तोंड उघडशील तर हितंच गाडीन. लाऊडस्पीकरवाला देनगीची नावं वाचत बसला, एक नाव झालं की दुसरं.

तेवढ्यात आबा निघाले. हातात फुटका नारळ, कपाळाला भंडारा. त्यांनी बांधलेला पट्टा, त्यांनीच सोडायचा. गर्दीनं वाट दिली.

भावजींनी बाजीरावाला कोपर हानून मनगट सोडवलं आन वरडले, "आबा, हात लावू नका, पट्ट्यात करंट हाय."

हलगीत कुनाला ऐकू गेलं न्हाई. आबांनी पट्ट्याला हात घातला, अन् त्याच घडीला ते बसलं. दोघांना एकदमच. गुलब्यानं मान झटकली, शिंग आबांच्या मांडीत गेलं आन म्हातारं फडक्यावानी वर उडून खाली आपटलं. लोक पळाले. भावजी धावत जाऊन बैलाच्या गळ्याला लोंबकळले आन दोन्ही हातांनी पट्टा तोडायला लागले. दुहेरी शिवन त्यांचीच, ती कशी तुटंल? झटका त्यांना बी बसत व्हता, तरी सोडत नव्हते. मी उतारावरनं वरडत वर पळाले. गुलब्यानं त्यांना झाडून टाकलं आन परत आबांकडं वळला. आबा सरपटत व्हते, पाय उलटा पडलेला, धोतर लालभडक.

मंडपाच्या दोऱ्यांना ठोकलेली पहार शेजारीच व्हती. भावजींनी ती उपटली. कुटं मारलं की वस्तू एका दनक्यात जाती, हे त्यांचा हात सात जन्म इसरायचा न्हाई. त्यांनी हाक मारली, गुलब्या म्हनून. आन काय सांगू, तेवढ्यात सुद्धा त्या जनावरानं हाक वळखली, मान त्यांच्याकडं वळवली. पांढऱ्या टिळ्यावर पहार बसली.

तो गुडघ्यावर आला. अंग तडफडत व्हतं, तडफडीनं घुंगूर भरत व्हतं, आन मरतानाबी त्याला झटके बसत व्हते. मानेची कातडी उडताना मी माज्या डोळ्यांनी बघितली. भावजींनी दुसऱ्यांदा पहार घातली ती फकस्त तेवढ्यासाठी. बैल हलायचा थांबला, तवा ते घुंगूर थांबलं. मंग लाऊडस्पीकरवर आमचं नाव पुकारलं.

पुढचं काय इचारता. लोकांनी पट्टा उसवला, आत काय हाय ते बघितलं आन भावजींना तुडवलं. सगळ्यात जास्त बाजीरावानं तुडवलं, मला काय ठावं न्हाई असं लोकांना दाखवायला. मी मधी पडले, माजा हात मोडला. त्याच मोडक्या हातानं मी त्याच्या थोबाडीत दिली आन चारचौघात सांगितलं की हे करायला लावनारा हा हाय. लोकांचा इस्वास बसला का न्हाई देव जाने. आमच्या गाड्याला घाटबंदी झाली. भावजींची नोकरी गेली. आबा वाचले, कुबडीवर चालत्यात. धाकट्या पोराशी ते बोलत न्हाईत, पन जेवताना त्याचं ताट आलं का ते बघत्यात. बैल गेला आन झोपा केला म्हनत्यात, आमच्यात तर बैल गेला आन झोपा पन गेला.

भावजी गोठ्यात बसून ऱ्हायले. नारळ फोडायला सांगितलं तरी हात मागं घ्यायचे. पट्टा कुनीतरी आनून गोठ्याच्या खुंटीला अडकवला व्हता, त्याच्याकडं बघत बसायचे. मला ते बघवंना. एका सकाळी मी ते घुंगूर टोकांसकट कापून काढलं, मुठीत घेतलं आन बंधाऱ्याकडं निघाले. म्हनलं बुडवून टाकते एकदाची पीडा. रागारागात चालले व्हते, हात हलवत.

अर्ध्या वाटंत ते माज्या तळहातात बसलं. आई गं म्हनून मी खालीच बसले. खांद्यापातूर हात बधीर, डोळ्यापुढं अंधारी. तुडवलेलं, पायाखाली गेलेलं, पावसात पडलेलं, तरी जितंच. मी थांबले तसं ते बी थांबलं. तितं बसून मी गुलब्यासाठी रडले. एका झटक्यात माजी ही गत, त्यानं सगळा घाट काढला.

बंधाऱ्यावर गेलेच न्हाई. म्हनलं, हे पान्यात बी टिकंल. घरी आले, गोठ्यातल्या फरशीवर ते ठिवलं, माजा भाजलेला तळहात भावजींपुढं धरला आन वरवंटा त्यांच्या म्होरं ठिवला. सांगितलं, "हे जगलंय भावजी. आता तरी मारा."

त्यांनी माज्या तळहातावरचा डाग अंगठ्यानं चाचपला. मंग वरवंटा उचलला. पितळ चेपलं, तारा तुटल्या, मक्याचे चार दाने बाहेर आले. एकेक दाना फुटायला कितीतरी घाव लागले. ते घाव घालत ऱ्हायले, फरशीवर काळी भुकटी झाली तरी घालतच ऱ्हायले, शेवटी मीच हात धरला.

टाके पडले तवा हसलेला तो मानूस रिकाम्या खुंट्याला डोकं टेकून पोरासारखा रडला. आबा दारात कुबडीवर उभे व्हते. ते आत आले, खाली बसता येत न्हाई तरी बसले, आन सदऱ्याच्या टोकानं त्यांनी ती भुकटी पुसून काढली.